विलायतेतील देवदर्शन

गतवर्षी वैशाखात आम्ही उभयता चिरंजिवांकडे लंडनास जाऊन तीन महिने राहून आलो. परदेशातून परतलेल्या मनुष्याने तेथील चार स्थळांचे वर्णन लिहून काढावे असा आपल्याकडील जुना प्रघात आहे, आणि शेजारच्या मंडळींनी आम्हांसही तसा आग्रह केला. परंतु तेथील राजवाडे, पूल आणि पदार्थसंग्रहालये यांविषयी आमच्याहून जाणत्या लोकांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. त्यात आम्ही भर ती काय घालणार? आम्ही येथे केवळ दोन-अडीच दिवसांची हकीकत सांगणार आहो. घरी पाहुणे आले, त्यांच्यासह एका देवळास जाऊन आलो, आणि पाहुणे आपल्या गावी परत गेले, एवढीच ती आहे. तथापि त्या अवधीत आम्हांस एक साधा प्रश्न विचारला गेला, आणि त्याचे खरे उत्तर देण्यास आम्हांस पुरते दोन दिवस लागले. तो प्रश्न आमच्या एकट्याच्या घरचा नसावा असे वाटल्यावरून हे लिहिण्याचे धाडस करीत आहो.

आरंभी थोडे स्वतःविषयी सांगणे प्राप्त आहे. आमचे घर नाशिकास पंचवटीत, काळारामाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पुढे पाठशाळेत संस्कृताचे अध्ययन केले आणि तेहतीस वर्षे शाळेत मुलांकडून ‘देव’ आणि ‘वन’ चालवून घेतले. या व्यवसायात मनुष्यास एक खोड जडते. तो दुसऱ्यांची उत्तरे तपासतो. आपली स्वतःची उत्तरपत्रिका त्याच्यासमोर क्वचितच येते.

चिरंजीव वेम्ब्ली नावाच्या उपनगरात राहतात. त्यांचे एक स्नेही पूर्वी त्यांच्याच कचेरीत होते, ते अलीकडे लेस्टर येथे गेले. हे गृहस्थ मूळचे नाशिकरोडचे. त्यांचे वडीलही त्या सुमारास नाशिकाहून मुलाकडे आलेले होते. “दोघे नाशिककर म्हातारे विलायतेत एकमेकांना न भेटता परत गेले तर बरं दिसणार नाही,” असे म्हणून सूनबाईंनी त्या सर्वांस शुक्रवार सायंकाळपासून रविवारपर्यंत राहावयास बोलाविले.

पाहुण्यांचे आडनाव चिरंजिवांनी सहज सांगितले. ते ऐकले मात्र, आणि त्याच क्षणी आमच्या मनातील एक जुना कप्पा आपोआप उघडला. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिले पाहिजे. आम्ही वर्गात कोणत्याही मुलास वेगळे बसविले नाही, कोणाच्या हातचे पाणी नाकारले नाही. तरी आडनाव कानी पडताच त्यामागील जात शोधण्याची ती जी चपळाई, ती आमच्या ठिकाणी जशीच्या तशी शिल्लक होती. आमच्या आजीच्या काळी ओसरीवरच्या कोनाड्यात एक कानतुटकी कपबशी पालथी घातलेली असे. ती कोणासाठी, हे घरातील लहान मुलासही सांगावे लागत नसे. आजी गेली, कपबशी गेली, आणि आमच्या मनातही आता कोनाडा उरलेला नाही अशी आमची समजूत होती.

चिरंजिवांच्या घरी भांडी धुण्याचे यंत्र आहे. सर्वांची ताटे-वाट्या एकत्र आत जातात आणि एकत्र बाहेर येतात. त्या यंत्रास सोवळे-ओवळे ठाऊक नाही, हे त्याचे मोठेच भाग्य म्हटले पाहिजे.

शुक्रवारी दिवेलागणीच्या वेळी पाहुणे आले. तेथे त्या दिवसांत रात्री नऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा दिवेलागण हा केवळ आमच्या सवयीचा शब्द समजावा. स्नेही, त्यांची पत्नी, नऊ वर्षांची कन्या आणि वडील. घरातील सर्व त्यांना ‘नाना’ म्हणत. आम्हीही तेच नाव घेतले. पंचाहत्तरीच्या घरातले, उंच, ताठ कण्याचे, स्वच्छ पांढरा सदरा घातलेले असे हे गृहस्थ. नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात छत्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी नाशिकचा चिवडा आणला होता. सौ.नी तो पाहताच परक्या मुलखात माहेरचे माणूस भेटावे तसा हातात धरला.

जेवणे होईपर्यंत आमची दोघांची गट्टी जमून गेली. गोदेचे पूर, सराफबाजारात शिरलेले पाणी, जुन्या चित्रपटगृहांची नावे, गंगेवरचा बुधवारचा बाजार, कशाकशाची म्हणून उजळणी झाली नाही! आमचा दहा वर्षांचा नातू आणि पाहुण्यांची मुलगी दोघेही तोंडाकडे पाहत राहिली; कारण दोन्ही आजोबा एकाच गावाविषयी बोलत असता मुलांस त्यांतील एकही ठिकाण ठाऊक नव्हते.

घर लहान असल्याने रात्री बैठकीच्या खोलीत आम्हा दोघांची अंथरुणे शेजारी-शेजारी घातली. दिवा मालवल्यावर थोड्या वेळाने नाना म्हणाले, “गुरुजी, जागे आहात?”

“जागा आहे.”

“तुमचं घर पंचवटीत, अगदी काळारामाजवळ म्हणालात. आमचे वडील सत्याग्रहाला होते. वीस वर्षांचं वय. तुमचे आजोबा तेव्हा तिथंच असतील, नाही?”

वाचकांपैकी तरुण मंडळींस त्या सत्याग्रहाची माहिती पाठ्यपुस्तकातील दोन ओळींइतकीच असेल, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. अठराव्या शतकाच्या अखेरीच्या काळात सरदार रंगराव ओढेकर यांनी काळ्या दगडात बांधविलेल्या या मंदिरात अस्पृश्य मानलेल्या हिंदूंना प्रवेश नव्हता. तो मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी नाशिकास हजारो लोकांची मिरवणूक निघाली. नाशिक जिल्ह्यातीलच दादासाहेब गायकवाड हे त्या चळवळीचे प्रमुख कार्यकर्ते होते. मिरवणूक देवळाशी पोचली तेव्हा दरवाजे बंद होते. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया यांची पहिली तुकडी देवळाच्या चारही दरवाजांशी जाऊन बसली. पुढे एप्रिलात रामाच्या रथाच्या वेळी दंगा झाला, दगडफेक झाली, माणसे जखमी झाली. सत्याग्रह मधूनमधून थांबत आणि पुन्हा सुरू होत पुढे काही वर्षे चालला. दार काही उघडले नाही. अखेर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आमच्याच जिल्ह्यातील येवले येथे बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धर्माचा स्वीकार करून ते बोल खरे केले.

हे सर्व आम्ही शाळेत दरवर्षी मुलांस सांगत असू, आणि मन लावून सांगत असू. एकच गोष्ट आम्ही कधी सांगितली नव्हती. आमचे आजोबा त्या दिवसांत देवळाच्या आतल्या बाजूस होते. दरवाजा धरून उभ्या राहिलेल्या मंडळींत ते होते. हे आम्हांस कोणी परक्याने सांगितलेले नाही. आम्ही लहान असता, ओसरीवर झोपाळ्यात बसून, ते स्वतः मोठ्या अभिमानाने सांगत. आणि हे आजोबा कसे होते? आम्हांस अमरकोश त्यांनी शिकविला, ज्वर आला असता रात्र-रात्र उशाशी बसून डोक्यावर पाण्याच्या पट्ट्या त्यांनी ठेवल्या, दारी आलेल्या विद्यार्थ्यास माधुकरी घातल्यावाचून ते पानावर बसले नाहीत. आम्ही चौदा वर्षांचे असता ते गेले, तेव्हा आम्ही दोन दिवस अन्नास शिवलो नव्हतो.

अंधारात नानांचा प्रश्न तसाच उभा होता. आम्ही म्हणालो, “आजोबा त्या सुमारास परगावी होते.”

“अस्सं,” नाना म्हणाले, आणि कूस बदलून स्वस्थ पडले.

ज्याने सबंध आयुष्य सत्य बोलावे असे मुलांच्या वह्यांवर सुवाच्य अक्षरांत लिहून दिले, त्याने आपल्या घरी आलेल्या अतिथीस पहिल्याच रात्री असत्य सांगितले. ती रात्र आम्हांस फार मोठी वाटली.

शनिवारी नीस्डन येथील स्वामिनारायण मंदिरास जावयाचे असे आधीच ठरले होते. न्याहारीच्या वेळी आम्ही नानांस संकोचाने म्हणालो, “आपणास यावयाचे नसेल तर आपण दोघे घरीच गप्पा मारू.” ते हसून म्हणाले, “येतो की. मी बौद्ध माणूस, हात जोडणार नाही. पण कारागिरी पाहायला काय हरकत आहे? देवाला चालत असेल तर मला चालतं.” सर्वांस हसू आले, आणि आम्ही निघालो.

वेम्ब्लीहून भुयारी म्हणविल्या जाणाऱ्या, पण त्या भागात उघड्यावरून धावणाऱ्या आगगाडीने नीस्डन हे लगेचचे स्थानक आहे. तेथून विटांच्या एकसारख्या घरांच्या रांगांतून चालत जावे लागते. अशा त्या साध्या वस्तीत वळण घेताच पांढरीशुभ्र शिखरे अकस्मात दृष्टीस पडतात. २० ऑगस्ट १९९५ रोजी प्रमुखस्वामी महाराजांच्या हस्ते या मंदिराची प्रतिष्ठापना झाली. त्याच्या बांधणीची कथा मोठी नवलाची आहे. बल्गेरिया देशातून सुमारे २८०० टन चुनखडीचा दगड आणि इटलीतून सुमारे २००० टन संगमरवर घेऊन तो आधी जहाजाने गुजरातेत कांडला बंदरी आणला. तेथे दीड हजारांवर कारागिरांनी त्यावर कोरीव काम केले. मग सव्वीस हजारांहून अधिक तुकडे क्रमांक घालून पुन्हा समुद्रमार्गे लंडनास पाठविले, आणि तेथे ते एकावर एक जुळवून मंदिर उभे केले. मंदिराच्या दगडी बांधणीत पोलादाचा आधार घेतलेला नाही. शेजारच्या हवेलीत तसेच कोरीव काम लाकडात केले आहे. ही विद्या आपल्या शिल्पशास्त्राची, आणि ती हजारो कोसांवर पावसाळी हवेत आज तीस वर्षे उभी आहे, याचा कोणाही भारतीयास अभिमान वाटावा.

ही माहिती चिरंजीव सांगत असता नाना म्हणाले, “म्हणजे दगड एकदा समुद्र ओलांडून तिकडं गेला आणि परत समुद्र ओलांडून इकडं आला. गुरुजी, दगडाला प्रायश्चित्त द्यावं लागलं नाही ना?”

समुद्र ओलांडून आलेल्या मनुष्यास पंचगव्य देऊन शुद्ध करून घेण्याचा आमच्या समाजातील जुना परिपाठ त्यांस चांगला ठाऊक होता. आम्ही मोठ्याने हसलो. परंतु ज्या धर्मशास्त्राच्या आधारे दार बंद होते, त्याच धर्मशास्त्राने आमचाही विलायतेचा मार्ग अडविला असता, आणि आम्ही मात्र त्यातील गैरसोयीचे कलम निमूटपणे वगळून विमानात बसलो, ही गोष्ट तेथेच आमच्या ध्यानी आली.

दाराशी एक तरुण स्वयंसेवक उभा होता. त्याने आम्हा सर्वांस वाकून नमस्कार केला, पिशव्या कोठे ठेवाव्या व पादत्राणे कोठे काढावी ते सांगितले, आणि आत जाण्यास हात केला. नाव नाही, गाव नाही, धर्म नाही. कोणास काही विचारले नाही. आमच्या पुढे एक आफ्रिकी कुटुंब होते, मागे शाळेतील गोऱ्या मुलांचा घोळका आपल्या शिक्षिकेसह रांगेत उभा होता. सर्वांस तेच दार होते.

आत खांबाखांबावर, घुमटाच्या आतल्या बाजूस, कमानींवर अशी एकही बोटभर जागा नाही की जेथे छिन्नी फिरली नाही. नाना छापखान्यातले, बारीक रेषा पाहण्यात त्यांचे डोळे मुरलेले. ते एका खांबाजवळ पुष्कळ वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “रेघ कुठं थरथरलेली नाही.” आम्ही मूर्तीसमोर हात जोडले, नाना आमच्या शेजारी हात मागे बांधून शांतपणे उभे राहिले. आरतीची वेळ झाली होती. आरती संपल्यावर आम्ही डोळे उघडले तो नातू आणि पाहुण्यांची मुलगी आमच्याकडे पाहत उभी.

नातू हळू आवाजात म्हणाला, “आजोबा, ही म्हणते, तिच्या पणजोबांना नाशिकच्या देवळात जाऊ दिलं नव्हतं. दार बंद केलं होतं. खरं आहे?”

“खरे आहे.”

“कोणी बंद केलं?”

देवळात बोलू नये, असे सांगून आम्ही त्यास गप्प केले. देवळाच्या शांततेचा असा उपयोग करणारे आम्ही पहिलेच नसू.

परतताना आम्ही मनाची समजूत घालण्याचे पुष्कळ मार्ग धुंडाळले. तो काळच तसा होता, हा एक. केवळ नाशिकासच असे घडले नाही, हा दुसरा. स्वामिनारायण संप्रदायातील काही अनुयायांनीही हरिजनांच्या मंदिरप्रवेशाविरुद्ध स्वातंत्र्यानंतर दावा लावला होता. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि जानेवारी १९६६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी तो फेटाळणारा निकाल दिला. गजेंद्रगडकर हे साताऱ्याच्या संस्कृत पंडितांच्या घराण्यातले, म्हणून हा निकाल आम्ही मोठ्या आवडीने वाचला होता. आज त्याच संप्रदायाच्या मंदिराचे दार सर्वांस उघडे असलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले. परंतु दुसऱ्याच्या दाराची जुनी कडी दाखविल्याने आपल्या दाराची कडी झाकली जात नाही. शिवाय आम्हांस काळाविषयी कोणी विचारलेच नव्हते. विचारले होते ते आमच्या आजोबांविषयी.

त्या रात्री सौ.नी पुरणपोळीचा बेत केला होता. पाहुण्यांच्या सूनबाई तिच्या शेजारी बसून पोळ्या लाटीत होत्या, आणि कटाच्या आमटीत खोबरे भाजून घालावे की तसेच, यावर दोघींचा गोड वाद चालला होता. नानांनी तीन पोळ्या खाल्ल्या आणि हात धुताना सौ.स म्हणाले, “वहिनी, आमच्या आईच्या हातची अशीच असायची.” सौ.चे डोळे भरून आले. आम्ही मात्र तोंडात घास असून खाली पाहत होतो. पान वाढले, पाट मांडला, आग्रह केला, म्हणजे आतिथ्य झाले अशी आमची आजवरची समजूत. ज्यास आपण खरे उत्तर देत नाही त्यास आपण ओसरीवरच बसविले आहे, हे त्या रात्री आम्हांस उमगले.

रविवारी सकाळी नानांच्या मुलाने सांगितले की, परत जाण्यापूर्वी वडिलांस बाबासाहेबांचे घर दाखवावयाचे आहे. आम्ही म्हणालो, “आम्हीही येऊ.” कालच्याच गाडीने नीस्डन मागे टाकून पुढे स्विस कॉटेज या स्थानकावर उतरलो. तेथून थोड्या अंतरावर किंग हेन्रीज रोडवर दहा क्रमांकाचे घर आहे. १९२१–२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अध्ययन करीत असता बाबासाहेब तेथे राहत. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने हे घर विकत घेऊन तेथे त्यांचे स्मारक केले. शेजारच्या घरांसारखेच उंच, अरुंद, विटांचे घर; भिंतीवर पाटी आहे म्हणून ओळखावयाचे. आत त्यांची छायाचित्रे व ग्रंथ मांडलेले आहेत.

दाराशी येताच नानांनी पादत्राणे काढली. तेथे तशी आवश्यकता नव्हती. मग आम्हीही काढली. कालच्या देवळात जे हात मागे बांधलेले होते ते येथे जोडले गेले, आणि नाना बराच वेळ तसे उभे राहिले. मग आम्हांकडे वळून मिस्कीलपणे म्हणाले, “बाबासाहेबांनी इथं राहून अभ्यास केला तो रुपयाचा. ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’. १९२३ साली पुस्तक निघालं. आणि मी छत्तीस वर्षं रुपयेच छापले. पण प्रॉब्लेम काही मला कधी समजला नाही.”

त्या घरापासून चार पावलांवर प्रिमरोझ हिल नावाची हिरवळीची टेकडी आहे. मुले वर धावत गेली. तरुण मंडळी त्यांच्या मागे गेली. आम्ही दोघे एका बाकावर बसलो. खाली सर्व लंडन शहर पसरलेले होते. आम्ही म्हणालो, “नाना, परवा रात्री तुम्हांस खोटे सांगितले. आजोबा परगावी नव्हते. ते देवळातच होते. दार धरलेल्यांत होते. दगड मारणाऱ्यांत होते की नाही ते ठाऊक नाही. विचारण्याइतके आमचे वय नव्हते, आणि पुढे वडिलांस विचारण्याचे धैर्य झाले नाही.”

नाना शहराकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “मला कळलं होतं, गुरुजी. पंचवटीतलं घर, आणि माणूस नेमका तेव्हाच परगावी? तेव्हा परगावाहून माणसं नाशकात येत होती.”

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “आमच्या वडिलांच्या डाव्या कानामागं दगडाची खूण होती. तो कुणी मारला, हे त्यांनी कधी विचारलं नाही. देऊळ आता उघडलं म्हणतात, बघून येऊ का, असं मी लहानपणी म्हणालो, तर म्हणाले, जा, बघून ये. स्वतः गेले नाहीत. म्हणाले, आपल्याला देव नको होता रे, आपल्याला माणूस म्हणून जायचं होतं.”

आम्ही गप्प होतो. काय बोलावे ते सुचेना. नाना आमच्याकडे वळून म्हणाले, “मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं. तुमच्या नातवानं काल विचारलं ना, कोणी बंद केलं म्हणून? त्याला सांगा.”

सायंकाळी पाहुणे निघाले. सौ.नी नानांच्या सूनबाईंची ओटी भरली, मुलीच्या हातावर खाऊ ठेवला. मोटार वळणाआड गेल्यावर आम्ही नातवास जवळ बसवून घेतले आणि सर्व सांगितले. दार कोणाचे, कडी कोणती, आत कोण होते, बाहेर कोण होते. आजोबा कसे प्रेमळ होते हेही सांगितले. कारण तेही असत्य नव्हते, आणि प्रेमळ माणसाच्या हातूनही असे घडते हे मुलास कळणे अवश्य होते. चिरंजीव दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनाही हे आज प्रथमच कळत होते. आमच्या घरी आजोबा-पणजोबांच्या गोष्टींची उणीव कधी नव्हती. ही एक तेवढी आम्ही वगळीत आलो होतो.

नातवाने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, “मग तुम्ही नानांना सॉरी म्हणालात का?”

आम्ही विचार केला. कबुली दिली होती. क्षमा मागितली नव्हती. तेहतीस वर्षे दुसऱ्यांची उत्तरे तपासणाऱ्या मास्तरांस आपल्या उत्तरातील मुख्य वाक्य गळल्याचे एका दहा वर्षांच्या मुलाने दाखवून दिले. त्याच रात्री आम्ही दूरध्वनी केला. आजोबांच्या वतीने क्षमा मागण्याचा अधिकार आम्हांस आहे की नाही, याचा निर्णय शास्त्री लोक करोत. परवाच्या रात्रीच्या असत्याबद्दल मागण्याचा तर निश्चित होता. आम्ही दोन्हींबद्दल मागितली. पलीकडून क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग नाना म्हणाले, “नाशकाला आलात की या चहाला.”

कार्तिकात नाना परतले आणि आम्ही उभयता नाशिकरोडला त्यांच्या घरी गेलो. चहाला म्हणून गेलो आणि जेवून आलो. भिंतीवर त्यांच्या वडिलांचे छायाचित्र आहे. डोक्यास पागोटे, नजर सरळ समोर. कानामागची खूण त्यात दिसत नाही. आमच्या घराण्यातील कोणी त्या वस्तीत जाऊन पानावर बसण्याचा तो पहिलाच प्रसंग, आणि त्यास आमच्या वयाची सहा तपे लागत आली याची आम्हांस खंत वाटते.

पुढच्या आठवड्यात नाना पंचवटीत आमच्याकडे आले. त्यांच्या इच्छेवरून आम्ही दोघे काळारामाच्या पूर्व दरवाजापर्यंत चालत गेलो. दर्शनाची गर्दी होती. लोक येत होते, जात होते, कोणी कोणास काही विचारीत नव्हते. नाना आत आले नाहीत. त्या दिवशी आम्हीही गेलो नाही. “वडील इथंच कुठं तरी बसायचे,” ते म्हणाले. आम्ही दोघे बाहेर बाजूस एका ओट्यावर घटकाभर बसलो.

वाचकहो, नाशिकातच नव्हे, महाराष्ट्रातील पुष्कळ जुन्या घरांच्या ओसऱ्यांवर अशा गोष्टी सांगितल्या गेल्या आहेत, आणि आता त्या कोणी सांगत नाही. पूर्वजांच्या अभिमानाच्या गोष्टी जशा आपण नातवंडांस सांगतो, तशा याही सांगाव्या. त्याने पूर्वजांवरचे प्रेम कमी होत नाही, असा आमचा अनुभव आहे. आमच्या देवघराशेजारी आजोबांची तसबीर आजही आहे, आणि तीस आम्ही आजही हार घालतो. फक्त नातू दूरध्वनीवर त्यांच्याविषयी विचारतो तेव्हा आता आम्ही सर्व काही सांगतो.